आवाज बसला ते वर्ष

निजामपुऱ्यातल्या ज्या खोलीत मी दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे, तिच्या बरोबर खाली लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना होता. क्लास चालवणाऱ्या सरांनी ती जागा सुरुवातीला तात्पुरती म्हणून घेतली होती. मुलं वाढत गेली, शेजारच्या दोन खोल्याही मिळाल्या, आणि तात्पुरतं होतं तेच कायमचं झालं. आत पाऊल टाकलं की फरशीतून पायांत थरथर चढायची. नवीन मुलं पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून बसायची. आठवडाभरात त्यांना तो खटखटाट ऐकूच येईनासा व्हायचा. माझं तसं झालं नाही. मला रोज त्या आवाजाच्या वरून बोलावं लागायचं, आणि तसं बोलता बोलता माझी दहा-बारा वर्षं गेली.

शिक्षिका व्हायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. बी.एस्सी. झाले, लग्न होऊन टेमघरला आले, पुढे काय करायचं ते उमगत नव्हतं. सरांचे गणिताचे शिक्षक गावी गेले होते, तेव्हा ओळखीतून विचारणा झाली की दोन महिने एक बॅच सांभाळाल का. ते शिक्षक परत आले नाहीत, आणि मीही तिथून हलले नाही. सर स्वतः विज्ञान शिकवायचे. कमी बोलणारा, हातात सतत चहाचा ग्लास असणारा माणूस. क्लासही त्यांचाच, जबाबदारीही त्यांचीच, पण माझ्या वर्गात ते कधी डोकावले नाहीत. माझ्यावर विश्वास होता म्हणून की त्यांना वेळ नव्हता म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. मला ते आवडायचं, एवढं खरं.

त्या पहिल्या वर्षांची मला आज जितकी ओढ वाटते तितकी माझ्या लहानपणाचीही वाटत नाही. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असायचे. अख्खी गल्ली एकदम हलकी व्हायची, खालून माणसांचं बोलणं, हसणं वर यायचं, कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज यायचा. मी भूमितीची प्रमेयं मुद्दाम शुक्रवारसाठी राखून ठेवायचे. फळ्यावर त्रिकोण काढायचा आणि हळू आवाजात विचारायचं, आता यातलं आपल्याला काय काय माहीत आहे? मुलंही मग हळू बोलायची, जणू कुणीतरी शेजारी झोपलंय. मराठी शाळेतली मुलं, उर्दू शाळेतून आलेल्या दोन-चार मुली, सेमी इंग्लिशवाली, सगळी एका बाकावर दाटीनं बसलेली. एखादी मुलगी वहीवरून मानही वर न करता नुसतं "अच्छा" म्हणायची. तेवढ्यानं माझा आठवडा भरून निघायचा.

हे कधी बदललं ते मला नेमकं सांगता येत नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाईलसमोर उभी राहून शिकवलं, तेव्हा मुलांचे चेहरे गेले आणि काळे चौकोन आले. नंतर मुलं परत आली, पण मोबाईल गेला नाही. पालकांचे ग्रुप झाले. दर रविवारी परीक्षा, दर सोमवारी मार्क, मार्क टाकले की लगेच फोन. बॅचेस वाढल्या. सकाळी शाळेआधीची एक, दुपारची एक, संध्याकाळच्या दोन. गल्लीच्या तोंडाशी आमच्या मुलांच्या फोटोंचा बॅनर लागायचा, आणि तो उतरवायच्या आत पुढच्या वर्षीच्या बॅनरचं बोलणं सुरू व्हायचं. त्या धावपळीत शुक्रवारसुद्धा इतर दिवसांसारखा झाला. शांतता असायची, पण मी सवयीनं ओरडूनच शिकवायचे. एका मुलीनं एकदा सांगितलं, "टीचर, आज लूम बंद आहेत." मी हो म्हणाले आणि थोड्या वेळानं पुन्हा ओरडायलाच लागले.

एका सकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मला उतरता येईना. पाय दुखत नव्हते, चक्कर नव्हती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, आ गया." मला कळत होतं की आलंय. मी त्याला म्हणाले, एसटी स्टँडवर चला. तो आरशातून बघत राहिला, पण त्यानं रिक्षा वळवली. स्टँडवर मी एका बाकावर बसले. समोर वज्रेश्वरीची गाडी लागली होती. बायका टोपल्या, पिशव्या घेऊन चढत होत्या, एक म्हातारा खिडकीतून शेंगदाणे विकत घेत होता. मला त्या गाडीत बसायचं होतं. तिथे जाऊन काय करणार हे ठाऊक नव्हतं, देवीचं दर्शन म्हणूनही नाही, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं म्हणूनही नाही. फक्त कुणीतरी मला इथून घेऊन जावं एवढंच वाटत होतं. गाडी भरली, निघून गेली. मी उठले, चालत क्लासला गेले आणि उशीर झाला म्हणून मुलांची माफी मागून पाढे घ्यावेत तसं वर्गसमीकरण घेतलं. हे मी घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालं आहे असं मलाच वाटत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी वर्गातल्या एका मुलीनं एक प्रमेय पुस्तकात नव्हतं अशा रीतीनं सोडवून दाखवलं. तिनं बाहेरून एक रेघ ओढली होती, आणि त्या एका रेघेनं सगळं दोन ओळींत सुटत होतं. पूर्वी मी असं काही पाहिलं असतं तर वही घेऊन सरांच्या खोलीत पळत गेले असते, घरी नवऱ्याला बसवून समजावलं असतं. त्या दिवशी मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली. मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. मी "छान" म्हणाले. मला आतून काहीच झालं नाही. रिक्षातून उतरता आलं नव्हतं त्याची मला भीती वाटली नव्हती, पण या काहीच न होण्याची वाटली.

डिसेंबरात, पूर्वपरीक्षेच्या तयारीत, एका वाक्याच्या मध्यावर माझा आवाज गेला. "समरूप" म्हणायचं होतं, त्यातलं "सम" बाहेर आलं आणि पुढे नुसती हवा. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. पाणी प्यायले, खाकरले, काही उपयोग झाला नाही. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्या आहेत, वर्षानुवर्षं ताणून बोलल्यानं येतात. ऑपरेशनची घाई नाही, पण काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. मी मान हलवली. इतकी वर्षं बोलून पोट भरणाऱ्या बाईला गप्प बसायचं औषध मिळालं, यावर नवरा दवाखान्याच्या जिन्यात थोडा हसला आणि मला पाहून थांबला.

नवरा लूमच्या मोटारी दुरुस्त करतो. दिवसभर कारखान्यांत असल्यानं त्याचा आवाज घरातही मोठाच असतो. मी बोलेनाशी झाले तसा तोही हळू बोलायला लागला. मी मोबाईलवर लिहून दाखवायचे आणि तो उत्तर देताना इतका हळू बोलायचा की सासूबाई विचारायच्या, "तुमी दोघं काय लपवताव माज्यापासून?"

पहिला आठवडा मी झोपले. सकाळी डबे झाले की झोपायचे, जेवून झोपायचे. दुसऱ्या आठवड्यात जाग यायला लागली, आणि लक्षात आलं की मला क्लासची आठवण येत नाहीये. मुलांची नाही, फळ्याची नाही. सरांचे मेसेज यायचे, तब्येत विचारायचे, ते वाचतानासुद्धा छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं व्हायचं. मी नवऱ्याला लिहून दाखवलं, शिकवणं सोडू का? त्यानं वाचलं आणि फोन परत दिला. मग म्हणाला, सोड, पण मग काय करशील ते आधी बघू, घरात बसून तू आणखी आजारी पडशील. हायवेकडच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये त्याच्या ओळखीचा एक जण सुपरवायझर आहे, तिथे स्टॉकचा हिशोब ठेवायला माणूस हवंय, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे त्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती. मला त्याचा राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

सासूबाईंना मात्र माझं गप्प असणं मानवलं. त्यांना अशी ऐकणारी सून कधी मिळाली नव्हती. दुपारी मी भाजी निवडायला बसले की त्या समोर बसायच्या आणि सुरू करायच्या. त्यांचं माहेर खाडीपलीकडचं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं त्या मिठागरावर जायच्या, डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या. मला एवढंच माहीत होतं. त्यांचे पाय अजून भेगाळलेले आहेत, त्यांना मी हिवाळ्यात मलम लावून द्यायचे, पण त्यापलीकडे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसांत कळलं की ते काम त्यांनी स्वतःहून सोडलं होतं. पाय फुटून रक्त यायचं, उन्हात मीठ चमकून डोळे सुजायचे. एक दिवस पाटी खाली ठेवली आणि घरी आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. सासऱ्यांनी काही म्हटलं नाही.

मी मोबाईलवर काही लिहिलं तर त्यांना वाचता आलं नसतं. म्हणून मी हातानंच विचारलं, बरं वाटलं?

"बरं वाटलं तं," त्या म्हणाल्या. "पन अजून सपनात मी तितंच असते. पाय जलतान, आनि तरी मना तितून येवाचा न्हाय."

मी शेंगा मोडत राहिले. त्यांनी विषय बदलला, कुणाच्या तरी हळदीचं बोलणं काढलं. त्यांना मला काही शिकवायचं नव्हतं. माझ्या मनात काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

जानेवारीत डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. सरांनी माझ्यासाठी माईक आणून ठेवला होता, कानाला अडकवायचा, आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी आठवडाभर तो लावून शिकवलं. घशाला आराम होता, हे खरं. पण माझा आवाज माझ्या तोंडातून न येता कमरेतून येत होता, मागच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडेच येत होता. आपण नाही, दुसरंच कुणी शिकवतंय आणि आपण त्याला भाड्यानं शरीर दिलंय, असं वाटायचं. शनिवारी शेवटची बॅच सुटल्यावर मी माईक टेबलावर ठेवला आणि सरांना म्हणाले की मार्चपर्यंत ही बॅच पुरी करते, परीक्षा झाली की थांबते.

ते खुर्चीत बसून होते. चहाचा ग्लास हातात तसाच. खालून लूमचा आवाज येत होता, त्यामुळे त्यांना थोडं पुढे वाकावं लागलं.

"मॅडम, तुम्ही दमलात हे मला दोन वर्षांपासून दिसत होतं," ते म्हणाले. "विचारलं असतं तर तुम्ही सोडून गेल्या असतात. म्हणून विचारलं नाही."

"विचारलं असतं तर कदाचित राहिले असते, सर."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं की हे बोलल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं, तेही सकाळपासून तिथेच होते, आणि त्यांना कुणी विचारलं होतं असं मला वाटत नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले की बॅचेस कमी करू, फक्त शुक्रवार आणि रविवार या. मी नको म्हणाले. तेव्हा खरंच नको होतं.

जिना उतरताना कारखान्याच्या दारात एक जुना कारागीर उभा होता. इतकी वर्षं येता-जाता आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, बोलणं कधी झालं नव्हतं, त्या खटखटाटात होण्यासारखंही नव्हतं. आतली माणसं आपसांत हातांनीच बोलतात. त्यानं गळ्याला हात लावून, पंजा उलटा करून विचारलं, कसं आहे आता? मी हातानंच सांगितलं, ठीक. घरापर्यंत मला रडू येत राहिलं, आणि ते सरांच्या बोलण्यानं होतं की या माणसाच्या विचारण्यानं, हे मला ठरवता आलं नाही.

एप्रिलमध्ये मी गोडाऊनला लागले. लोकांनी मागवून परत पाठवलेला माल तिथे येतो. चपला, मिक्सर, साड्या, मुलांची खेळणी. तो स्कॅन करायचा, कागदाशी ताडून बघायचा, कुठल्या रॅकला जाईल ते लावून द्यायचं. माझ्या हाताखाली काही मुली आहेत, वाडा तालुक्यातून, आसपासच्या गावांतून येणाऱ्या. सगळ्यांच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. बोलावं लागतं, पण ओरडावं लागत नाही. शिफ्ट संपली की संपली. घरी फोन वाजत नाही. जे लोक म्हणतात की असल्या कामात जीव रमत नाही, त्यांना मला सांगावंसं वाटतं की पहिले सहा महिने मला जीव रमवायचाच नव्हता, त्याला पडून राहू द्यायचं होतं. आणि ती जागा त्यासाठी चांगली होती. मी पुन्हा नीट जेवायला लागले. नवऱ्याबरोबर रविवारी बाहेर पडायला लागले. एकदा वज्रेश्वरीलाही जाऊन आलो, गरम पाण्यात पाय घालून बसलो, सासूबाईंनी तिथल्या दुकानातून बांगड्या घेतल्या.

दमलेली होते तोवर आठवण आली नाही. झोप पुरी व्हायला लागली आणि आठवण यायला लागली.

आधी हातांना आली. दुपारच्या जेवणात बोलता बोलता मी बोटानं टेबलावर त्रिकोण काढायचे. मग एकदा रॅकवर खोकी एकावर एक अशी लागली की त्यांच्या कडेनं एक सुंदर तिरपी रेघ तयार झाली, आणि मला ती कुणालातरी दाखवावीशी वाटली. शेजारच्या मुलीला दाखवली. तिनं खोकी नीट लागली नाहीत असं समजून ती सरळ केली. त्या दिवशी घरी येताना बसच्या खिडकीशी बसून मी वर्गातल्या त्या मुलीचं ते दोन ओळींतलं प्रमेय मनात पुन्हा सोडवलं. तिची रेघ आठवली, आणि वर्षभर उशिरा मला तो आनंद झाला. बसमध्ये सांगायला कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा निजामपुऱ्यात काम होतं म्हणून गल्लीतून गेले. दोन कारखाने बंद पडले होते, पण आमच्या खालचा चालू होता. वरून माईकमधून एका तरुण बाईचा आवाज येत होता. चांगली शिकवत होती. जरा घाईत, पण चांगली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबले आणि ती चुकतेय का हे ऐकत राहिले. ती चुकली नाही. मला वाईट वाटलं, ती चुकली असती तर बरं झालं असतं असं वाटलं म्हणून जास्त वाईट वाटलं. वर गेले नाही.

सरांचा फोन नंतर आला. रविवारी दोन तास या, तुमच्या मर्जीनं शिकवा, परीक्षा नाही, ग्रुप नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोन तासांना हरकत नाही. नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. मी तीन-चार दिवस त्या विचारात आनंदात होते, कुठलं प्रमेय आधी घ्यायचं तेही ठरवलं. मग शनिवारी संध्याकाळी छातीवर पुन्हा तोच हात आला. मी सरांना कळवलं की या वर्षी नको. ते म्हणाले, बरं. दोघांनाही ठाऊक होतं की पुढच्या वर्षी ते विचारतील आणि मला तेव्हाही हो की नाही ते सांगता येणार नाही. ज्या कामानं मला संपवलं त्याचीच मला भूक लागते, आणि ताट समोर आलं की घास उतरत नाही. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. बहुतेक तो नसतो.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. मी शिफ्टमध्ये होते. हाताखालच्या एका मुलीचा भाऊ पास झाला, तिनं सगळ्यांना चॉकलेट वाटलं. माझा फोन दिवसभर शांत होता, तो मी चार वेळा काढून बघितला. आदल्या वर्षापर्यंत निकालाच्या संध्याकाळी आमच्या घराचं दार लागायचं नाही. मुलं येत राहायची, पाया पडायची, आणि रात्रीपर्यंत पेढ्यांचे इतके डबे जमायचे की सासूबाई पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत बसायच्या.

घरी आले तर टेबलावर पेढ्यांचा एक डबा होता. कोण येऊन गेलं, मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"कोणी नाही," नवरा म्हणाला. "मी आणले. दरवर्षी असतात घरात."

सासूबाईंनी विचारलं की यंदा कोण पास झालं. नवऱ्यानं डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पेढा घेतला. मीही घेतला. नवरा हात धुवायला आत गेला. मी दार लावायला उठले आणि कडीला हात लावून तशीच उभी राहिले. खाली रस्त्यावरून मुलांचं एक टोळकं हसत-ओरडत गेलं. कुठल्या क्लासचं होतं कुणास ठाऊक.

"दार लोट गो," सासूबाई म्हणाल्या. "डास येतान."

मी दार लावलं.